उकिडवे साहेबांचे नऊ हजार फोल्डर

दूध संघाच्या कचेरीत एक ईमेल उघडेपर्यंत समोरचा चहा गार होऊ लागला, तेव्हा महाव्यवस्थापक उकिडवे साहेबांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या निलांबरी ढोलेच्या हातात कारणे दाखवा नोटीस ठेवली. ती वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तर साहेबांच्याच मेलबॉक्समध्ये होतं! पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर आणि त्यात दर महिन्याचा वेगळा. असे नऊ हजार, बहुतेक रिकामे. साहेब याला शिस्त म्हणत. सर्व्हर बिचारा दर दोन मिनिटांनी ते सगळे तपासत बसे आणि अख्खी कचेरी ताटकळत राही. निलांबरीने हे तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "ढोलेबाई, मला शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी भर बैठकीत साहेबांनी फर्मावलं, "दुग्धविकास खात्याकडून पत्र आलंय का, माझ्या मेलमध्ये बघा."

"बघते की," म्हणत निलांबरीने त्यांचा मेलबॉक्स उघडला आणि खड्या आवाजात सुरुवात केली. "अकोलकर, जानेवारी, रिकामा. अकोलकर, फेब्रुवारी, रिकामा. अकोलकर, मार्च..."

अडसुळांच्या जूनपर्यंत साहेबांनी कसाबसा धीर धरला. मग टेबलावर हात आपटून ते गरजले, "अहो, रिकामे फोल्डर उघडत बसलं तर काम कधी व्हायचं?"

निलांबरीने ते वाक्य नोटिशीखाली जसंच्या तसं उतरवलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"हे माझं उत्तर, साहेब. शब्द तुमचे आहेत, तेव्हा सहीही तुम्हीच करा."