चाकाखालचे सोन्याचे जोडे

एका राज्यात, जिथं पक्षी बोलत आणि माणसं मात्र ऐकत नसत, दोन सारथी भाऊ होते. थोरला वज्रबाहू, धाकटा सुरंजन. थोरल्यानं धाकट्याला लगाम धरायला शिकवलं, आणि राजसारथ्याचे सोन्याचे जोडे राजानं दिले कुणाला? धाकट्याला! दिसायला देखणा ना! वज्रबाहूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जोड्यांची रीत अशी, की ते घालणाऱ्यानं रथातून खाली पाय टेकायचा नाही.

पुढं काळजंघ जादूगारानं राजकन्या इंदुप्रभेला मागणी घातली. ती नाही म्हणाली. त्यानं शाप दिला आणि तिची पावलं दगडाची झाली. दगड वर चढू लागला. सूर्य मावळायच्या आत तिला वाळवंटातल्या झऱ्यात न्हाऊ घातलं नाही, तर ती सगळीच दगड होणार होती. सुरंजनानं तिला रथात बसवलं. मदतीला वज्रबाहू, तोंड फुगवून.

पहिली आली नदी. काठावरची टिटवी म्हणाली, "आधी माणूस घाला, मग रथ."

"राजसारथी खाली उतरत नाही," सुरंजन म्हणाला.

'बुडू दे मेल्याला,' असं वज्रबाहूच्या मनात आलं. आलं म्हणजे आलंच, खोटं कशाला सांगू? पण रथात राजकन्या होती. तो काठी घेऊन उतरला आणि त्यानं तळ चाचपत गुडघाभर पाण्याची वाट काढली.

"माझ्या मागं ये. सावकाश, पण मध्ये थांबू नकोस."

रथ पार झाला. पलीकडचे धनगर ओरडले, "वा रे सुरंजन!" ओल्या धोतरातला वज्रबाहू कुणाला दिसलाच नाही.

दुसरी आली दलदल. सुरंजनानं चाबूक उचलला.

"खबरदार!" वज्रबाहू गरजला. "घोडे उधळले की चाकं रुतलीच!" त्यानं लव्हाळी कापून चिखलावर अंथरली आणि एका चालीनं रथ पार न्यायला लावला.

"वा रे सुरंजन!" बगळे म्हणाले. वज्रबाहूनं तोंडातला गाळ थुंकला. जळफळाट नुसता!

तिसरी आली वाळू. चाकं आसापर्यंत रुतली. दगड राजकन्येच्या गळ्याशी पोचला होता.

"दोघं उतरा, ढकला," मागोमाग आलेली टिटवी म्हणाली.

सुरंजनानं मान खाली घातली आणि जोडे काढले. "दादा, हे तुझेच होते. तू घाल. मी ढकलतो."

आणि वज्रबाहूनं ते घातले की हो! ऐटीत वर बसला, लगाम हाती घेतला. एकटा सुरंजन ढकलून ढकलून लालबुंद झाला. चाक तसूभर हललं नाही.

इंदुप्रभा म्हणाली, "वज्रबाहू, माझे पाय गेले. तुमचे आहेत ना?"

वज्रबाहूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तापल्या वाळूत अनवाणी उतरला. एकेका चाकाखाली एकेक जोडा सारला आणि भावाशेजारी खांदा लावला. टिटवीनं जुवावर बसून घोड्यांना हाक दिली. सोनं चेपलं, चाकांना धर मिळाला, रथ निघाला. जोडे उचलायला कुणी थांबलं नाही.

झऱ्यात दगड विरघळला.

परतल्यावर राजानं विचारलं, "जोडे कुठं?"

"चाकाखाली," राजकन्या म्हणाली, "आणि तिथंच राहू द्या."

राजानं दोघांना राजसारथी केलं, तेही अनवाणी. मग इंदुप्रभा स्वतःच्या पायांनी चालत आधी वज्रबाहूपाशी गेली आणि तिनं त्याला हात जोडले. ते पाहून सुरंजनाचं तोंड एवढंसं झालं.

राजकन्येचा शाप फिटला, तसा तुमचाही फिटो. मत्सराचं मात्र मी काही सांगू शकत नाही.