साळिंदराने न सांगितलेली माती

फार पूर्वी, प्राणी एकमेकांशी बोलत असत तेव्हा, एका टेकडीवर साळिंदर राहत होता. मातीचं ढेकूळ उन्हात धरून, त्याची चमक पाहून, तिथं बीळ टिकेल की ढासळेल हे तो अचूक ओळखे. मात्र ही विद्या त्याने कुणालाच दिली नव्हती.

नदीकाठची घोरपडही यात जाणकार होती. विचारेल त्याला ती शिकवी. शिकलेले प्राणी तिला दूरदूरची माती आणून दाखवत, त्यामुळे तिची जाण वाढतच जाई. जो तो तिचं नाव घेई. ते ऐकून साळिंदराचा जीव जळे.

एका उन्हाळ्यात नदीकाठी वणवा लागला आणि सगळे टेकडीवर आले. घोरपड म्हणाली, "साळिंदरदादा, इथली माती मी कधी पाहिली नाही. ही तांबूस चमकणारी बिळाला चालेल ना?"

ती माती ढासळते हे त्याला ठाऊक होतं. पण घोरपड एकदा तरी चुकावी, असं त्याला फार वाटत होतं.

"तुम्हीच जाणकार," एवढंच तो बोलला.

घोरपडीच्या सांगण्यावरून एका सशिणीने त्याच मातीत बीळ खणलं. दुसऱ्याच दिवशी ते पिल्लांसकट खचलं. साळिंदर धावला आणि नखं रक्ताळेपर्यंत उकरत राहिला. दोन पिल्लं जिवंत निघाली. तिसरं गेलं होतं.

"चूक माझी," घोरपड रडत म्हणाली.

सशीण साळिंदराला म्हणाली, "दादा, तुमचे उपकार कसे फेडू?"

साळिंदराची मान खाली गेली. "उपकार कसले, बाई! मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

सशीण पिल्लांना घेऊन त्याच्यापासून दूर सरकली. मग घोरपडीने डोळे पुसून विचारलं, "पलीकडच्या उताराची माती कशी आहे?"

आणि साळिंदर सांगू लागला.