वाजवून घेतलेला आठवडा

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की तेव्हा माणसं दमली की झाडाखाली टेकायची आणि दम खाऊन झाला की उठायची. विश्रांती विकता येते, हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं. ज्याला ते पहिल्यांदा सुचलं, त्याची आणि एका भाबड्या कुंभाराची ही गोष्ट.

कुंभाराचं नाव सोनबा. बायकोचं नाव ठकू. घरात तिसरा जीव होता सरदार. नाव भारदस्त, पण होतं ते गाढव. ओढ्याकाठची माती सरदारच आणायचा आणि भाजलेली मडकी आठ गावच्या बाजारांत सरदारच पोचवायचा. तो नसता तर सोनबाचं चाक दुसऱ्याच दिवशी थांबलं असतं.

सोनबाच्या दुकानात एक रीत होती. गिऱ्हाइकानं मडकं उचललं की तो म्हणायचा, "वाजवून घ्या." मग गिऱ्हाईक मडक्यावर टिचकी मारी. खणखणीत आवाज आला की मडकं पक्कं. बद्द आवाज आला की कुठंतरी चीर आहे, ते ठेवून द्यायचं आणि दुसरं उचलायचं. इतकी साधी गोष्ट.

पण या साध्या माणसाच्या मनात एक गोष्ट सलत होती. लग्न झालं तेव्हा त्यानं ठकूला शब्द दिला होता, "डोंगरापलीकडचं मोठं तळं तुला दाखवीन." त्याला बारा वर्षं झाली. कधी मडकी भाजायला आवा लावायचा असे, कधी पाहुणे असत, कधी नुसताच कंटाळा. ठकू त्यावरून कधी बोलली नाही. पण ती रांजणात पाणी ओतताना त्या पाण्याकडे बघत उभी राहिली, की सोनबाला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी बाजारात एक जरीचा पटका बांधलेला माणूस आला. त्यानं मांडव घातला, गरम जिलब्या तळायला लावल्या आणि दवंडी पिटली, "या, बसा, फुकट खा. फक्त एक चित्र बघा."

सोनबा जिलबीसाठी गेला. खोटं कशाला सांगू, तुम्ही-आम्हीही गेलो असतो.

चित्र चांगलं हातभर लांबरुंद कापडावर काढलेलं होतं. निळंशार तळं, काठावर हवेली, हवेलीच्या गच्चीवर हसणारं एक जोडपं. तो पटकेवाला, म्हणजेच हवेलीवाला, म्हणाला, "बुवा, राजेलोकांना अख्खी हवेली लागते. तुम्हाला आठवडा पुरे. वर्षातला एक आठवडा हवेलीतली खोली तुमच्या नावावर. तुमच्या, तुमच्या पोरांच्या, त्यांच्या पोरांच्या. कायमची."

"आणि द्यायचं काय?" सोनबानं बोटाला लागलेला पाक चाटत विचारलं.

"फार नाही. ते तुमचं गाढव द्या. आणि दरवर्षी हवेलीच्या डागडुजीला दहा रांजण. तुम्ही आलात तरी, न आलात तरी. पण एक आहे, दिवे लागायच्या आत सांगा. उद्या भाव दुप्पट."

सोनबा हुरळून गेला. चित्रातल्या बाईच्या जागी त्याला ठकू दिसायला लागली होती. घरी येईतोवर त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"कुठला आठवडा?" सगळं ऐकून घेऊन ठकूनं विचारलं.

"अक्षय्य तृतीयेचा. नावच बघ ना, जे कधी सरत नाही ते. हवेलीवाला म्हणाला, असा आठवडा नशीबवानालाच मिळतो."

ठकूनं हातातली घागर खाली ठेवली. "अहो, अखितीला घरोघर नव्या मडक्याची पूजा असते. ती मडकी कोण देतं?"

"कुंभार."

"आणि त्या आठवड्यात कुंभार कुठं असेल?"

सोनबा हळूच म्हणाला, "तळ्यावर."

ठकूला हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडात धरून ती खाली बसली. वर्षाचं अर्धं पोट ज्या आठवड्यावर भरतं, नेमका तोच आठवडा नवऱ्यानं सुट्टीला निवडला होता. असं फक्त सोनबालाच जमू शकतं.

पण सोनबा हसला नाही. तो म्हणाला, "आठवडा बदलून मागू. सरदार गेला तर माती मी डोक्यावरून आणीन. बारा वर्षं झाली गं. मला तुला तळं दाखवायचंय."

हे ऐकून ठकूचं हसू थांबलं. तिला भरून आलं. नवऱ्याला आपला शब्द आठवतो, एवढंच तिला हवं होतं. पण ते या वेड्याला कधी सांगायचं राहूनच गेलं होतं. ती म्हणाली, "तळ्यावर जाऊच. पण मडकंसुद्धा आपण वाजवून देतो-घेतो. हा आठवडा आधी वाजवून घेऊ."

दोघं सरदारला घेऊन बाजारात आले. हवेलीवाल्यानं गाढवाकडे पाहून हात पुढे केला. ठकूनं दावं सोडलं नाही.

"दादा, आमच्यात वस्तू वाजवून घेतात. तुमचा आठवडा वाजवून द्या."

"बाई, आठवडा काय मडकं आहे?" हवेलीवाला हसला. आजूबाजूचेही हसले.

"मग आधी चार दिवस राहून बघतो. राहण्याचं जे होईल ते देतो. पटलं तर सरदार तुमचा."

हवेलीवाल्याचं हसू मावळलं. तो ठकूला सोडून सोनबाकडे वळला. "बुवा, बायकांच्या नादी लागू नका. अंधारून येतंय. खोली एकच उरलीय. तुमच्या मागं दोघं उभे आहेत."

ते शब्द कानावर पडले आणि सोनबा जागीच थबकला. कारण ते शब्द त्याचे स्वतःचे होते.

तरुणपणी एकदा त्याच्याकडे एक रांजण राहिला होता. बुडाशी केसाएवढी चीर होती आणि ती त्याला ठाऊक होती. एक म्हातारी रांजण घ्यायला आली आणि टिचकी मारायला वाकली, तेव्हा तो म्हणाला होता, "आजी, अंधारून येतंय. रांजण एकच उरलाय. तुझ्या मागं दोघं उभे आहेत." म्हातारीनं न वाजवता रांजण नेला. पुढच्या बाजाराला ती परत आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पाणी राहिलं नाही रे बाळा." सोनबानं तिला नवा रांजण दिला, आणि त्या दिवसापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून म्हणू लागला, वाजवून घ्या.

सोनबानं मागं वळून पाहिलं. त्याच्या मागं कुणीच उभं नव्हतं. फक्त सरदार होता, आणि तो जिलबीचा पानाचा द्रोण चघळत होता.

"राम राम," सोनबा हवेलीवाल्याला म्हणाला. "आवाज बद्द येतोय." आणि त्यानं बायकोच्या हातातलं दावं आपल्या हातात घेतलं. ठकूचा जीव भांड्यात पडला. कुंभारणीचा जीव दुसरीकडे पडणार कुठं?

अखिती आली. सोनबाची मडकी हातोहात खपली. सण सरला, चाक थांबलं, अंगण रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनबानं सरदारच्या पाठीवर दोन रांजण आणि भाकरीचं गाठोडं बांधलं आणि म्हणाला, "ठकू, चल."

दोन दिवस चालून ते तळ्यावर पोचले. काठावर तीच चित्रातली हवेली होती. राखणदार उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होता. सोनबानं भीत भीत विचारलं, "चार दिवस खोली मिळेल का?"

"एक सोडून हवी ती घ्या," राखणदार म्हणाला. "सगळ्या खोल्यांना मालक आहेत, पण येतंय कोण? कुणाची कापणी, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण. चार दिवसांचा एक रांजण द्या."

"आणि ती एक कुणाची?"

"पंतोजींची. त्यांची शाळा दरवर्षी याच दिवसांत बंद असते. नऊ वर्षांत एकदाही चुकले नाहीत."

गच्चीवर एक म्हातारे पंतोजी पाय पसरून खुशाल गात बसले होते. गळा बेसूर होता, पण चेहरा तृप्त होता. सोनबानं ठकूकडे पाहिलं. "यांचा आठवडा खणखणीत वाजला म्हणायचा."

"वाजणारच," ठकू म्हणाली. "त्यांच्या मापाचा आहे."

मग ती पाण्याकडे निघाली. काठाशी थांबली, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि पाण्यात पाय टाकला. एवढं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती लहान पोरीसारखी हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सरदार वाळूत चारी पाय वर करून लोळला. सोनबाला काठावर लोण्यासारखी मऊ माती सापडली. त्यानं गोळा मळायला घेतला, तोच ठकूनं तो हिसकावून तळ्यात भिरकावला.

"चार दिवस हात कोरडे ठेवा," ती म्हणाली.

आणि बारा वर्षांत पहिल्यांदा सोनबाचे हात कोरडे राहिले. जाताना त्यांनी राखणदाराला एक रांजण दिला. त्यानं आपणहून टिचकी मारली, ऐकलं आणि मान डोलावली. दुसरा रांजण सोनबानं तिथंच ठेवला. म्हणाला, "हा पुढच्या खेपेचा. कधी येऊ ते आमचं काम संपलं की कळवतो."

पुढं ते बऱ्याचदा आले. कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत, एकदा तर सलग दोन वर्षं आलेच नाहीत, आणि त्याचं कुणाला काही द्यावं लागलं नाही. सरदार प्रत्येक खेपेला बरोबर असायचा आणि त्याच वाळूत लोळायचा.

तात्पर्य: जन्मभरासाठी घ्यायची वस्तू दुसऱ्याच्या घाईनं घेऊ नये, आपल्या जगण्यावर वाजवून घ्यावी.