मांजरीच्या वाटेची कहाणी

ऐका सटवाई, तुमच्या मांजरीची कहाणी. खाडीच्या काठी एक आटपाट गाव होतं. तिथं मथू नावाची कुणबीण होती. घरी नवरा, सासू आणि कणगीत बियाण्याचं भात. त्या भाताला उंदीर लागले. मथूनं काठी आपटली, काटेरी फांद्या लावल्या, कणगी शेणानं लिंपली. उंदरांना त्याचं काय? पेरणी तोंडावर आली, बियाणं निम्म्यावर आलं.

मग एके दिवशी रानातून पट्टेरी मांजरी आली. कोणी बोलावली नव्हती. सात उंदीर मारले, उन्हात अंग चाटत बसली. सासू म्हणाली, "घरचं जनावर दाव्याला हवं गो." मथूनं दावं लावलं. मांजरीनं मान सोडवली, निघून गेली. उंदीर आले. पुन्हा मांजरी आली. मथूनं डालग्याखाली कोंडली. डालगं उलथून गेली. उंदीर आले. तिसऱ्यांदा आली. मथूनं दारं लावून घेतली. कौल सरकवून गेली, ती फिरकलीच नाही. बियाणं सूपभर उरलं. यंदा पेरायचं काय, म्हणून मथू कणगीपाशी बसून रडली.

मग सटवाई म्हातारीच्या रूपानं पेज मागायला आली. रडण्याचं कारण पुसलं, मथूनं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "बाई, गाईला मी दावं दिलं, कुत्र्याला धनी दिला. हिला काही दिलं नाही. ही आपल्या पायानं येते. तू हिचा वसा घे."

"तो कसा घ्यावा?"

"दाराशी तिच्यापुरती वाट ठेवावी. आली तर हाकलू नये, गेली तर बोलावू नये. पिल्लं होतील ती मागेल त्याला द्यावी. उतू नये, मातू नये."

मथूनं वसा घेतला. आठव्या दिवशी मांजरी आली, कणगीमागं व्याली. तीन पिल्लं झाली. उंदीर गेले, सूपभर बियाणं वाचलं, पेरलं, चांगलं पिकलं.

मग एक पिल्लू शेजारणीनं मागितलं, दिलं. दुसरं पलीकडच्या गावच्या पाटलिणीनं मागितलं, दिलं. तिसरं मथूच्या मांडीवर निजे. त्याच्यावर तिचा फार जीव. खाडीत गलबत लागलं, खलाशांचा म्होरक्या तांडेल दारात आला. "बाई, गलबतातलं धान्य उंदीर खातात. एवढं पिल्लू द्या." मथूचा हात उचलेना. वसा आठवला, पिल्लू दिलं आणि आत जाऊन रडली.

ते पिल्लू बंदरोबंदरी गेलं. जिथं धान्य उतरलं तिथं त्याची पिलावळ उतरली. कोणी धरून नेली, कोणी आपणहून राहिली.

इकडे मथू रिकामी मांडी घेऊन ओटीवर बसली. मांजरी रानात गेली होती. मथूनं बोलावलं नाही. तिन्हीसांजेला मांजरी आली, आजवर कधी आपणहून जवळ आली नव्हती ती, मथूच्या मांडीवर चढली आणि निजली. दिवा लावायची वेळ टळली, सासू हाका मारू लागली, पण मथू उठली नाही.

जशी मांजरी मथूकडे आपल्या पायानं आली, तशी तुम्हां आम्हां सुखं आपल्या पायानं येवोत. साठां बोलांची ही कहाणी पांचां बोलीं सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.