मेधाकरांना कुणी विचारलं नाही

फार जुनी गोष्ट आहे. त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे नदीकाठी एक मोठं विद्यापीठ होतं. दूरदूरचे विद्यार्थी तिथे येत, आणि सगळ्यात जास्त गर्दी असे ती आचार्य मेधाकरांच्या व्याकरणाच्या वर्गात.

एके सकाळी शिकवता शिकवता मेधाकर थांबले. वीस वर्षं तोंडपाठ असलेलं सूत्र त्यांना आठवेना. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मेधाकरांनी पोथी मिटली आणि ते नदीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही ते वर्गात आले नाहीत.

कुलगुरूंनी वैद्य पाठवला. वैद्य म्हणाला, "शरीराला काही झालेलं नाही. मन दमलंय."

कुलगुरू माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी लगेच आज्ञा काढली, की सगळ्या आचार्यांनी आणि सेवकांनी रोज पहाटे घटकाभर ध्यानाला बसावं, म्हणजे मनं ताजी राहतील. आठ दिवसांत ग्रंथपाल ध्यानातच पेंगू लागला, आणि मेधाकरांनी विद्यापीठ सोडून जात असल्याचा निरोप पाठवला.

"एवढं केलं, तरी हे असं का?" जेवताना कुलगुरू म्हणाले.

स्वयंपाकघर सांभाळणारी रेवाक्का वाढत होती. ती म्हणाली, "महाराज, रागावणार नसाल तर बोलते. काय करायचं ते तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. काय होतंय, ते कुणाला विचारलंत का?"

कुलगुरू तसेच उठले आणि मेधाकरांच्या घरी गेले. मेधाकर पोथ्या बांधत होते.

"आचार्य, मी समजूत घालायला आलो नाही," कुलगुरू जमिनीवरच बसत म्हणाले. "ऐकायला आलोय."

मेधाकर हातातली पोथी खाली ठेवत म्हणाले, "सकाळी तीन वर्ग, दुपारी दोन. मग तपासणी, मग तुमच्या सभा. वैशाखात माझी पत्नी गेली. चौदाव्या दिवशी मी वर्गात उभा होतो. कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आचार्यानं कुणापुढे रडायचं?"

कुलगुरूंनी मान खाली घातली. "मी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे. तुम्ही महिनाभर लेकीकडे राहून या. वर्ग मी घेतो."

कुलगुरूंनी खरोखरच वर्ग घेतले. चौथ्या दिवशी त्यांचा घसा बसला. सहाव्या दिवशी ते एका विद्यार्थ्यावर उगाच खेकसले, आणि मग त्यांना सगळं उमगलं. त्यांनी व्याकरणासाठी आणखी दोन आचार्य नेमले, निम्म्या सभा बंद केल्या आणि ध्यान ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलं. रोज ते कुणा एकाजवळ जाऊन बसू लागले. ग्रंथपालानं सांगितलं, "नजर अधू होतेय. काम उरकायला रात्री जागतो. काम जाईल म्हणून बोललो नाही." त्याचं काम गेलं नाही, वाचून दाखवायला त्याला जोडीदार मिळाला.

महिन्यानं मेधाकर परतले. दुःख सरलं नव्हतं, पण आता त्याबद्दल बोलायला माणसं होती. वर्ग कमी झाले आणि शिकवणं पूर्वीहून रंगू लागलं. पुढे कितीतरी वर्षं त्या विद्यापीठातून खचून कुणी निघून गेलं नाही.

तात्पर्य : दमलेल्या मनाला उपदेश पुरत नाही, त्याचं ऐकून घ्यावं लागतं आणि त्याचं ओझंही वाटून घ्यावं लागतं.