अर्धेलीचं मांजर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं नव्हती. नुसतं 'डोंगर' म्हटलं की भागत असे. बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, त्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक बाई राहत होती. ती अर्धेलीने शेळ्या पाळायची.

अर्धेली म्हणजे काय, ते आधी सांगतो. शेळी एकाची असायची आणि सांभाळायचं दुसऱ्याने. चारा, पाणी, आजारपण सगळं सांभाळणाऱ्याकडे. दूधही त्याचंच. पण पिल्लं झाली, की त्यांचे दोन वाटे व्हायचे, एक मालकाचा आणि एक सांभाळणाऱ्याचा. वाटे करायचे सांभाळणाऱ्याने, निवडायचं मात्र मालकाने. त्यामुळे वाटे करणारा लबाडी करायला धजत नसे. चांगला वाटा समोरचाच उचलून नेईल, हे त्याला ठाऊक असायचं.

या बाईचे वाटे इतके चोख असत, की आसपासच्या गावांतले लोक डोळे मिटून तिच्याकडे शेळी सोपवत. तरीही तिच्या मनात एक सल होता. तिच्या गोठ्यातलं प्रत्येक जनावर अर्धं दुसऱ्याचं होतं. घराची एक भिंत शेजारणीशी सामाईक होती. विहीर तर साऱ्या गावाची. वाटणीच्या दिवशी मालक पिल्लू खांद्यावर टाकून निघाला, की ते मान वळवून ओरडायचं आणि बाई दारात उभी राहून म्हणायची, "देवा, एक तरी गोष्ट अशी दे, की जिच्यात कुणाचा वाटा नाही."

तिच्या घरी एक करडी मांजरी येऊन-जाऊन असायची. एकदा ती डोंगरावर गेली ती बरेच दिवस फिरकलीच नाही. आली तेव्हा पोट जड झालेलं. गवताच्या भाऱ्यांमागे ती व्याली आणि त्यातच गेली. पिल्लांपैकी एकच जगलं. बाईने त्याला कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजलं, पदरात गुंडाळून ऊब दिली.

महिना-दोन महिन्यांत ते पिल्लू काही वेगळंच दिसू लागलं. अंग सोनेरी आणि त्यावर काजळाचं बोट टेकवावं तसे काळे ठिपके. शेपटीला काळी कडी. पाय लांब, कान गोल. आवाज म्याऊ म्हणण्यासारखा नव्हता, घोगरा होता. पाण्याला भ्यायचं तर सोडाच, घागरीत पंजा घालून ते खेळत बसायचं. उडी मारली की थेट आढ्यावर. त्याचा बाप डोंगरावरचा रानबोका होता, हे सांगायला कुणी लागलं नाही.

पिल्लू मादी होतं. बाईने तिचं नाव ठिपकी ठेवलं. ठिपकी दुसऱ्या कुणाच्या हाताला लागायची नाही. पण पहाटे बाईच्या पायांशी येऊन निजायची आणि घरघर घरघर करायची. त्या घरघरीत बाईचं सारं सुख होतं.

लोक लांबून ठिपकीला बघायला येऊ लागले. एकदा तर राणीचा कारभारी आला. म्हणाला, "बाई, दुभती म्हैस देतो. हे मांजर राणीसाहेबांच्या गादीवर शोभेल."

बाई म्हणाली, "म्हैस मोठी खरी, पण ती पहाटे माझ्या पायांवर येऊन निजली तर मीच उठायची नाही."

कारभारीही हसला आणि रिकाम्या हाताने परत गेला.

पण ठिपकी मोठी झाली तशी तिची भूकही मोठी झाली. दूध-भाकरीला ती नुसतं हुंगायची. एका सकाळी शेजारीण कमरेला पदर खोचून दारात उभी राहिली.

"अगं ए, तुझ्या राणीसाहेबांनी माझी तलंग नेली! उद्या-परवा अंडी घालायला लागणार होती. मांजर पाळलंयस की दरोडेखोर?"

बाईने आपल्या वाट्याचं एक करडू मुकाट्याने शेजारणीला दिलं. शेजारीण नरमली, पण जाता जाता म्हणाली, "पुढच्या वेळी करडू नको मला. तुझं ते वाघरू बांधून ठेव. नाहीतर गावातले बाप्ये काठ्या घेऊन येतील, मग मला बोल लावू नकोस."

बाई घाबरली. तिने शेळीचं दावं घेतलं आणि ठिपकीला खांबाला बांधलं. गळ्यात घुंगरू घातलं, म्हणजे हलली तरी कळावं. दार ओढून घेतलं. मनात म्हणाली, "हे एकच पुरतं माझं आहे. हे मी जाऊ द्यायची नाही."

पहिले काही दिवस घुंगरू सारखं वाजत राहिलं. मग कमी वाजू लागलं. मग वाजेचना. ठिपकी डोंगराच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसून राहायची. एकच जागा चाटून चाटून तिने पायावरचे केस घालवले. फासळ्या दिसू लागल्या. आणि पहाटेची घरघर थांबली.

"काय कमी आहे गं तुला इथे?" बाई विचारायची. ठिपकी मान वळवायची नाही.

अशातच एका मालकाचा वाटणीचा दिवस आला. हा मालक म्हणजे पलीकडच्या गावचा म्हातारा. तोंडाने कुरकुऱ्या, पण मनाने सरळ. बाईने अंगणात करडांचे दोन वाटे केले. एका वाट्यात धडधाकट करडाच्या जोडीला एक लंगडं, दुसऱ्यात मध्यम करडांची जोडी.

म्हाताऱ्याने बघितल्यासारखं केलं. "तुझ्या वाट्यांपुढे माझं डोकं कामालाच येत नाही, पोरी. गंजून चाललंय बघ." असं म्हणत त्याने लंगडं असलेला वाटा उचलला. मग पाणी प्यायला घरात आला, तर त्याला खांबाशी ठिपकी दिसली.

"हिचा वाटेकरी कोण?"

"कुणी नाही, बाबा. ही पुरती माझी."

"बाप कोण हिचा?"

"रानबोका."

"मग रानाकडून कुणी आलं नाही वाटणीला?"

"रानाचा कसला वाटा?" बाई उसळली. "दूध मी पाजलं. ऊब मी दिली."

म्हातारा पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "माझ्या शेळ्यांना पालाही तूच घालतेस. मग उद्यापासून त्याही तुझ्याच का गं?" आणि करडं हाकत, स्वतःशीच हसत निघून गेला.

बाईला राग आला. पण ते बोलणं तिच्या मनातून हलेना. तिन्हीसांजेला ती अंगणात दिवा लावायला आली, तर कुंपणावर एक मोठा रानबोका बसलेला. एक कान फाटका, अंगावर तेच काळे ठिपके.

"बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वाटणीला आलोय."

बाईने हातातला दिवा खाली ठेवला. "फार उशिरा आलास."

"रानाला घाई नसते. पण ऐकलं, की या घरचे वाटे चोख असतात. रीत तुझीच. वाटे तू कर, निवडीन मी."

बाई विचारात पडली. जिवंत मांजराचे दोन वाटे करायचे कसे? आणि त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदाच, तिला लबाडी सुचली. ती म्हणाली, "घरातली ठिपकी एक वाटा, अंगणातली दुसरा. घे तुला हवं ते."

बोक्याने उघड्या दारातून आत बघितलं. "दावं किती लांब आहे?"

दावं उंबऱ्यापर्यंतही पोचत नव्हतं. रानबोका अंगणच निवडणार आणि ठिपकी तिथे कधी येणारच नाही, हे बाईला ठाऊक होतं. बाईची मान खाली गेली. ज्या दारातून कुणाचा केसभर वाटा चुकला नव्हता, त्याच दारात आज ती उभी होती. आत घुंगरू वाजत नव्हतं. तिने मागे वळून ठिपकीच्या फासळ्या बघितल्या आणि डोळे पुसले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पुन्हा वाटे करते. हिची भूक हा एक वाटा. हिची झोप हा दुसरा. आता निवड."

बोक्याने आत एकवार ठिपकीकडे बघितलं. मग म्हणाला, "वाटे चोख आहेत. भूक माझी. तिची भूक तुझ्या दूध-भाकरीत मावणार नाही. झोप तुझी."

"आणि एकदा गेली, की झोपायला नाहीच आली तर?"

"तर म्हण, की बोक्याने पोटच्या पोरीला लबाडी शिकवली," बोका म्हणाला. "पण बाई, तुझं दूध तिच्या अंगात आहे. ते मी कुठून काढून टाकणार?"

बाई आत गेली. दाव्याची गाठ इतकी आवळली होती, की विळ्याने कापावी लागली. घुंगरूही सोडलं. ठिपकी क्षणभर उभी राहिली, एकदा बाईचा हात हुंगला आणि कुंपणावरून पलीकडे उडी मारून दिसेनाशी झाली. बोकाही गेला.

दुसऱ्या पहाटे ठिपकी आली नाही. तिसऱ्याही नाही. बाई दार किलकिलं ठेवून निजायची. दूध मात्र तिने ठेवलं नाही. भूक आता तिच्या वाट्याची नव्हती. फक्त पायांशी घोंगडीचा तुकडा अंथरून ठेवायची. दिवसा तिने बांबूच्या कामट्यांचं पक्कं खुराडं विणलं आणि शेजारणीला नेऊन दिलं.

शेजारणीने खुराडं उलटंपालटं करून बघितलं. "विणलंयस मात्र छान. गेलं ना शेवटी तुझं वाघरू?"

"गेलं नाही गं," बाई म्हणाली. "कामावर गेलंय." कुंपणाकडे बघून रडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. वाटणी झाल्यावर वाट्याबद्दल कुरकुरायचं नाही, हीच तिची रीत होती.

मग एका पहाटे तिच्या पायांवर जड काहीतरी पडलं. उबदार, दवाने ओलं. आणि घरघर सुरू झाली. घरघर घरघर. बाई हलली नाही. पायाला मुंग्या आल्या, शेळ्या ओरडू लागल्या, ऊन दारातून आत आलं, तरी ती तशीच पडून राहिली.

ठिपकी गाढ झोपली, तेव्हा बाई हळूच उठली आणि झाडू घेऊन दारात आली. तर उंबऱ्यावर अर्धा उंदीर! शेतातला गलेलठ्ठ उंदीर, पुढचा अर्धा खाल्लेला आणि मागचा अर्धा नीट ठेवलेला, शेपटीसकट.

शेजारणीने पलीकडून बघितलं. "शी! फेक ते आधी!"

"फेकू कशी?" बाई म्हणाली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. "अगं, भूक तिच्या बापाच्या वाट्याची होती. त्यातलाही अर्धा आणून ठेवलाय तिने माझ्यासाठी."

झाडू हातात धरून ती उभी राहिली. आजवर प्रत्येक वाटणीला तिने जाणारं पिल्लूच बघितलं होतं. राहणाऱ्या पिल्लाकडे वळून कधी बघितलंच नव्हतं. सामाईक भिंतीपलीकडून शेजारीण तिला हाका मारत होती, त्या भिंतीचाही तिने कधी आनंद मानला नव्हता. तिने डोंगराकडे तोंड केलं आणि हात जोडले. मग तो अर्धा उंदीर दुधीच्या वेलाच्या मुळाशी पुरला.

ठिपकी पुढे कित्येक वर्षं पहाटे येत राहिली. गावच्या शेतांतले उंदीर कमी झाले आणि काठ्या काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढच्या वाटणीला म्हातारा आला, तेव्हा बाईने वेलावरचा एक दुधी अर्धा कापून त्याच्या हातात ठेवला.

"हा कशाचा वाटा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"विचारलंत ना, ठिपकीचा वाटेकरी कोण? त्या विचारण्याचा. म्हणून तर ठिपकी माझ्याकडे राहिली," बाई म्हणाली.

बाळांनो, ध्यानात ठेवा: जे अर्धं मिळालं ते हात जोडून घ्यावं, उरलेल्या अर्ध्याला दावं लावू गेलं, तर मिळालेलंही झुरून जातं.