करडू विहिरीतच!

एक होती मुंगी. इवलीशी. तिचं नाव बारकी.
बारकी शालूच्या घरी राहायची. भिंतीच्या फटीत. शालूच्या पलंगाशेजारी.

रोज संध्याकाळी आई पुस्तक उघडायची. शालूला एक पान वाचून दाखवायची.
शालू ऐकायची. फटीतून बारकीही ऐकायची.

एके दिवशी आईने वाचलं,
"करडू उड्या मारत होतं. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. वाटेत होती कोरडी विहीर. करडू पडलं आत. धपाक्! करडू ओरडलं, म्यँ म्यँ!"
आईने पुस्तक मिटलं. "पुढचं उद्या हं!"

उद्या आला दसरा.
पाटावर पुस्तक ठेवलं. हळद वाहिली. कुंकू वाहिलं. वर झेंडूचं फूल ठेवलं. सगळे पुस्तकाच्या पाया पडले.
शालू म्हणाली, "बाबा, करडू!"
बाबा म्हणाले, "आज नाही वाचायचं. आज पुस्तकाची पूजा. उद्या वाचू."
मग बाबांनी पुस्तक उचललं. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलं. उंच, उंच.
म्हणाले, "पुस्तक म्हणजे सरस्वती. पाय नको लागायला."
पाय लागला नाही. हातही लागला नाही!

दिवाळी आली. दिवाळी गेली. करडू विहिरीतच.
तुळशीचं लग्न झालं. फटाके वाजले. करडू विहिरीतच.
संक्रांत आली. घरात गुळाचा वास सुटला. करडू? विहिरीतच!

बारकीला गूळ फार आवडायचा. पण आज ती गुळाकडे गेली नाही. तिला ऐकू येत होतं, म्यँ म्यँ. आपण गूळ खायचा आणि करडाने विहिरीत बसायचं? छे!
बारकी निघाली. तुरु तुरु तुरु.

तुरु तुरु तुरु गेली पुस्तकाकडे.
"पुस्तका पुस्तका, उघड ना!
करडू विहिरीत!"
पुस्तक म्हणालं, "मी नाही उघडत. आपलं आपण कसं उघडू? शालू उघडेल तर उघडेन."

तुरु तुरु तुरु गेली शालूकडे. शालू पाटीवर रेघा ओढत होती.
"शालू शालू, हात लाव ना!
पुस्तक उघडेना,
करडू विहिरीत!"
शालू म्हणाली, "मी नाही हात लावत. फळी उंच आहे. माझा हात पुरत नाही. मी रोज सांगते. सगळे रोज उद्या म्हणतात. आई काढेल आणि वाचेल, तर हात लावीन."

तुरु तुरु तुरु गेली आईकडे. आई गुळपोळ्या लाटत होती. एकटीच.
"आई आई, वाच ना!
शालूचा हात पुरेना,
पुस्तक उघडेना,
करडू विहिरीत!"
आई म्हणाली, "मी नाही वाचत. हाताला पीठ आहे, बघ. मीच लाटू, मीच भाजू, मीच भांडी घासू. वाचू कधी गं? बाबा उठून लाटतील, तर वाचीन."

तुरु तुरु तुरु गेली बाबांकडे. बाबा पलंगावर लोळत होते. हातात मोबाईल. अंगठा सरसर, सरसर.
"बाबा बाबा, उठा ना!
आई वाचेना,
शालूचा हात पुरेना,
पुस्तक उघडेना,
करडू विहिरीत!"
बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मी नाही उठत. एकच मिनिट! मोबाईल झोपेल, तर उठेन."
ते एक मिनिट दसऱ्यापासून चाललं होतं.

तुरु तुरु तुरु गेली मोबाईलकडे. बाबांच्या हातावरून, अंगठ्याखालून.
"मोबाईल रे मोबाईल, झोप ना!
बाबा उठेनात,
आई वाचेना,
शालूचा हात पुरेना,
पुस्तक उघडेना,
करडू विहिरीत!"
मोबाईल म्हणाला, "टिंग! मी नाही झोपत. माझी बॅटरी म्हातारी. ही वायर मला जागं ठेवते. टिंग! बटण बंद होईल, तर झोपेन. टिंग!"

तुरु तुरु तुरु गेली बटणाकडे. वायर धरून खाली, खाली, खाली. जमिनीवर होता बोर्ड. बोर्डावर लाल बटण.
"बटणा बटणा, बंद हो ना!
मोबाईल झोपेना,
बाबा उठेनात,
आई वाचेना,
शालूचा हात पुरेना,
पुस्तक उघडेना,
करडू विहिरीत!"
बटण म्हणालं, "मी नाही बंद होत. तू केवढी, तुझं वजन केवढं! मांजर माझ्यावर उडी मारेल, तर बंद होईन."

तुरु तुरु तुरु गेली मांजराकडे. मांजर खिडकीत ऊन खात होतं.
"मांजरा मांजरा, उडी मार ना!
बटण बंद होईना,
मोबाईल झोपेना,
बाबा उठेनात,
आई वाचेना,
शालूचा हात पुरेना,
पुस्तक उघडेना,
करडू विहिरीत!"
मांजराने एक डोळा उघडला. "करडू माझं कोण लागतं? मी नाही हलत."
आणि डोळा मिटून घेतला.

आता कोणाकडे जायचं?
बारकीला रडू आलं. इवलंसं रडू.
मग बारकीला राग आला. एवढा मोठ्ठा राग!
सगळे मोठे. सगळ्यांना कामं. सगळ्यांचं उद्या. आणि करडू एकटं, अंधारात!

बारकी मांजराच्या पाठीवर चढली. मानेवर चढली. कानात शिरली. आणि चावली.
कच्चकन!

"म्याऊऊऊ!"
मांजराने उडी मारली. धप्प! थेट बोर्डावर.
टक्! बटण बंद झालं.
टूं... मोबाईल झोपला.
बाबा उठले. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच बघितलं. आई एकटीच लाटत होती. बाबांनी हात धुतले. लाटणं घेतलं.
आईने हात धुतले. फळीवरून पुस्तक काढलं. झेंडूचं फूल काळं पडलं होतं. कुंकू वाळून गेलं होतं. आईने फूल काढलं. पुस्तक पुसलं.
शालूने हात लावला. पुस्तक उघडलं!

शालू आईच्या मांडीवर बसली. बारकी शालूच्या गुडघ्यावर बसली.
आई वाचू लागली,
"म्यँ म्यँ ऐकून भिवामामा आला. त्याने दोराला टोपली बांधली. सर सर सर, टोपली खाली गेली. करडू टोपलीत बसलं. सर सर सर, टोपली वर आली. करडू बाहेर आलं! करडू उड्या मारत घरी गेलं. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक."

बारकीने श्वास सोडला. सुटलं बाई करडू!

शालू हसली नाही. तिने चित्रातल्या करडावरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा.
मग विचारलं,
"आई, भिवामामा पुढच्याच पानावर होता?"
"हो गं."
"मग करडू इतके दिवस विहिरीत का होतं?"

आईने पान मागे उलटलं, पुन्हा पुढे उलटलं.
शालूने बाबांकडे बघितलं. बाबांच्या हातातलं लाटणं थांबलं.
तव्यावर गुळपोळी फुटली. गूळ करपला. तरी कोणी तवा उतरवला नाही.

ओट्यावरून गुळाचा एक खडा पडला. टप्!
बारकीने तो उचलला. तिच्या हक्काचाच होता. आणि गेली आपल्या फटीत. तुरु तुरु तुरु.

मुंगी गेली फटीत,
गूळ गेला पोटात,
करडू गेलं घरी.
आता पुस्तक मिटा, पण ठेवू नका वरच्या फळीवरी!